चाळीतला कांदा आणि फाशांचे गणित

‘अर्थव्यवहारातील इष्टतमीकरण व सिम्युलेशन’ असे विषयाचे नाव जाहीर झाले की निम्मी मंडळी घरी राहावयाची. म्हणून नाव बाजूला ठेवू. बागलाणातला शेतकरी दरसाल दोन प्रश्न सोडवीत असतो. रब्बीच्या तोंडी, कांदा किती एकर लावावा आणि गहू किती? आणि उन्हाळ कांदा निघाला म्हणजे, आज मोंढ्यावर न्यावा की चाळीत भरावा? आपला सारा विषय या दोन प्रश्नांत मावतो.

पहिला प्रश्न घेऊ. आकडे मी सोयीसाठी कल्पिले आहेत. समजा, जमीन ५ एकर आहे. एका एकरास एकदा पाणी दिले म्हणजे एक पाळी, असे धरले तर विहीर हंगामात ४६ पाळ्या देते. कांद्यास एकरी १२ पाळ्या लागतात, गव्हास ५. कांद्यात एकरी ४०,००० रुपये सुटतात, गव्हात २०,०००. कांद्याचा लोभ धरून सारे पाणी त्यालाच दिले तर पावणेचार एकरांहून थोडा अधिक कांदा होतो, बाकी रान पडीक, आणि सुटतात सुमारे १,५३,००० रुपये. सगळा गहू केला तर एक लाख. पण ३ एकर कांदा आणि २ एकर गहू केला तर जमीनही पुरी लागते, पाणीही पुरे लागते आणि हाती १,६०,००० येतात.

आलेख-कागदावर जमिनीची एक रेघ आणि पाण्याची एक रेघ ओढा. शक्य असलेल्या सर्व लागवडींचा एक बहुकोन तयार होतो आणि सर्वोत्तम उत्तर त्याच्या कोपऱ्यावर सापडते. जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ साली जी रीत दिली ती एवढीच: एका कोपऱ्यावरून शेजारच्या अधिक फायद्याच्या कोपऱ्यावर जावयाचे, आणि पुढे चढ उरला नाही म्हणजे थांबावयाचे. पिके दोन असोत की दोन हजार, तत्त्व तेच. मात्र हजारो कोपरे असले की ही प्रदक्षिणा कधीकधी फार लांबू शकते. १९८४ साली नरेंद्र करमरकर यांनी कडेकडेने न जाता बहुकोनाच्या पोटातून वाट काढली. ते ग्वाल्हेरात जन्मलेले, मुंबईच्या आय. आय. टी.त शिकलेले, आणि त्या वेळी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत होते. एका मराठी माणसाच्या नावाची ही रीत जगभरच्या पुस्तकांत आहे. आपल्याकडे ती फार थोड्यांस ठाऊक आहे.

पण मला या गणितातली खरी मौज उत्तरात वाटत नाही, त्याच्या शेपटात वाटते. गव्हाचा एक एकर कांद्याखाली न्यावयाचा तर ७ पाळ्या अधिक हव्यात, आणि त्याने २०,००० रुपये वाढतात. म्हणजे विहिरीची आणखी एक पाळी सुमारे २,८५७ रुपयांची. आणि शेजाऱ्याचा एक एकर, पाण्यावाचून, खंडाने मिळाला तर? मांडून पाहा: फायदा अवघा ५,७१४ रुपयांनी वाढतो. खंड आठ हजार मागत असतील तर नको म्हणावे. याला छाया-किंमत म्हणतात. ती बाजारात लिहिलेली नसते. आपल्या टंचाईतून ती निघते.

आता चाळीकडे वळू. येथे भाव ठाऊक नसतो, म्हणून रेघा पुरत नाहीत. समजा, कांदा १०० क्विंटल, आजचा भाव १,२००. आज विकला तर १,२०,००० रुपये. पाच महिने ठेवला तर सड आणि घट जाऊन ७० क्विंटल उरेल. पुढच्या भावासाठी फासा घ्या आणि त्याच्या सहा बाजूंवर ६००, ९००, १,२००, १,८००, २,४००, ४,२०० असे भाव लिहा. सरासरी १,८५० येते. सत्तर क्विंटलांचे १,२९,५०० झाले. चाळीचा खर्च तूर्त सोडून देऊ. सरासरी सांगते, ठेवा.

पण सहांपैकी तीन बाजूंवर आजच्यापेक्षा कमीच मिळते. आणि सोसायटीचा हप्ता ८०,००० असेल तर दोन बाजूंवर तो थकतो. सर्वांत वाईट बाजूवर हाती ४२,००० येतात. सरासरीने हप्ता फिटत नाही! आता ५० क्विंटल आज विकून ५० ठेवून पाहा. ६०,००० हाती आहेत. उरलेल्या ३५ क्विंटलांस ६०० चाच भाव आला तरी एकूण ८१,००० होतात. हप्ता प्रत्येक बाजूवर फिटतो, आणि सरासरी १,२४,७५०, म्हणजे केवळ ४,७५० रुपयांनी कमी. ५१ क्विंटलांपर्यंत ठेवता येतो, ५२ वा ठेवला की धोका शिरतो.

एक फासा बोटांवर मोजता येतो. पण घटीचा दुसरा फासा, पावसाचा तिसरा, महिन्यामहिन्याच्या भावांचे आणखी पाच, असे झाले म्हणजे मोजदाद अशक्य होते. मग फासे टाकूनच पाहावयाचे, दहा हजार वेळा, आणि निकाल मांडावयाचे. स्टानिस्लाव उलाम यांना १९४६ साली आजारातून उठताना एकट्याने पत्ते खेळत असता हे सुचले. मोंटे कार्लोच्या जुगारघरावरून रीतीला नाव पडले. १९७७ मध्ये फेलिम बॉइल यांनी तीच रीत रोखेबाजारातील विकल्पांची किंमत काढावयास लावली. तिची एक खोड ध्यानात ठेवावी: चूक निम्मी करावयाची तर फासे चौपट टाकावे लागतात.

शिकणाऱ्याने म्हणूनच आधी कागद, मग खरे फासे, आणि त्यानंतर संगणक असा क्रम ठेवावा. पायथन किंवा ऑक्टेव्ह फुकट मिळतात; पण वरची १,६०,००० आणि १,२४,७५० ही उत्तरे संगणकाकडून काढून हाताच्या उत्तराशी जुळवल्याखेरीज पुढे जाऊ नये.

आणि फाशाच्या बाजूंवर काय लिहावयाचे, हे गणित सांगत नाही. ते बाजार समितीच्या जुन्या वह्यांतून यावयाचे, आणि त्या वह्याही अपुऱ्या पडतात. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे २०२४ मध्ये खुली झाली. ज्याच्या फाशावर अशी बाजूच नव्हती त्याचे दहा हजार डाव त्याच्या कामी आले नाहीत. शिवाय प्रत्येक शेतकऱ्याचा फासा स्वतंत्र पडत नाही. सारा तालुका एकाच आशेने चाळी भरतो आणि एकाच आठवड्यात रिकाम्या करतो, तेव्हा सर्वांच्या फाशांवर एकदमच ६०० पडतात. २००८ साली अमेरिकेतील घरकर्जांच्या हिशेबात नेमकी हीच गोष्ट पुरेशी धरलेली नव्हती.