पोस्टरवरची बाई आणि तिकीट काढणारी बाई

मराठी चित्रपटाची जाहिरात सुरुवातीला नवलाई विकत होती. 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळके यांच्या जाहिरातीत 57 हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि तीन आण्यांचे तिकीट यांचा डंका होता. तारामतीचे कामही अण्णा साळुंके या पुरुषानेच केले होते. पुढे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी पोस्टरला चित्रकलेचा दर्जा दिला. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चे 1924 चे पोस्टर आजवर टिकलेल्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत सर्वांत जुने मानले जाते. पोस्टरवर माणसे दिसू लागली, तसे मध्यभागी कोणाला ठेवायचे हे प्रेक्षक कोण येणार या अंदाजावर ठरू लागले.

प्रेक्षक म्हणजे पुरुष, हा अंदाज तमाशापटांनी पक्का केला. नऊवारीतली, चाळ बांधलेली नर्तकी पुढे आणि कथा तिच्या मागे, अशी मांडणी रूढ झाली. ‘सांगत्ये ऐका’ (1959) पुण्याच्या विजयानंद थिएटरमध्ये 131 आठवडे चालला, तेव्हापासून तर लावणी हे हमखास आमिष ठरले. पन्नास वर्षांनंतरही ते सुटले नव्हते. ‘नटरंग’ (2010) ही नाच्याचे काम पत्करणाऱ्या गुणाची आणि त्यापायी त्याच्या पुरुषपणाच्या होणाऱ्या विटंबनेची कहाणी. प्रसिद्धी मात्र मुख्यतः दोन लावण्यांच्या जोरावर झाली. पुरुषपणाच्या ठोकळेबाज कल्पनेवर घाव घालणारा चित्रपट त्याच कल्पनेला खूश करून प्रेक्षकांपुढे आणला गेला, ही मराठी जाहिरातीच्या इतिहासातली मोठी विसंगती आहे.

हिंदीत याचे ठळक उदाहरण म्हणजे जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा ‘चक्र’ (1981). झोपडपट्टीतल्या जगण्याचा हा चित्रपट विकला गेला तो स्मिता पाटीलच्या आंघोळीच्या दृश्यावर. बाईचे उघडे अंग दाखवले की गर्दी वाढते, असे वितरकांना वाटते, अशी नाराजी स्मिताने पुढे मुलाखतीत स्पष्ट शब्दांत मांडली. त्याच सुमारास तिचाच ‘उंबरठा’ (1982) घराबाहेर पडणाऱ्या बाईचा निर्णय प्रेक्षकांपुढे ठेवत होता.

स्त्री-प्रेक्षक वेगळा हेरला गेला तोही एकाच साच्यात. ‘माहेरची साडी’ (1991) बघायला गावोगावच्या बायका गटागटाने आल्या. अलका कुबल यांचा रडवेला, सोशिक चेहरा हीच त्या चित्रपटाची ओळख झाली. बायकांच्या खर्चाने थिएटर भरते, हे त्या यशाने सिद्ध केले. पण धंद्याने धडा घेतला तो एवढाच, की बायकांना अश्रू हवेत. सासर, माहेर, कुंकू, सौभाग्य ही नावे आणि चित्रे पुढे वापरून वापरून गुळगुळीत झाली. पुरुषांसाठी तलवार, रक्त आणि रोखलेली नजर. बायकांसाठी पदर आणि डोळ्यांत पाणी. ही वाटणी आजही पुरती मोडलेली नाही, जरी ‘हिरकणी’ (2019) सारख्या चित्रपटाने शिवकाळातल्या कथेच्या पोस्टरवर एका आईला मध्यभागी आणले.

‘झिम्मा’ने (2021) आणि विशेषतः केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’ने (30 जून 2023) गणित बदलले. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते यांच्यासह सहा बहिणींची ही गोष्ट, मंगळागौरीच्या स्पर्धेभोवती गुंफलेली. पोस्टरवर साठी ओलांडलेल्या बायकाही होत्या आणि त्या रडत नव्हत्या. महिला मंडळे, भिशीचे गट नटूनथटून थिएटरात आले, त्यांनी काढलेल्या फोटो आणि रील्सनी मोफत प्रसिद्धी केली, आणि कमाई 70 कोटींच्या पुढे गेली. एक खोट मात्र राहिली: बाईला बाई म्हणूनच हाक मारायची, तेही सणवार आणि साडीच्या वाटेने. शिकणारी, नोकरी करणारी, एकटी राहणारी मुलगी या प्रसिद्धीत क्वचितच दिसते.

नियमांची चौकट आहे. 1986 चा स्त्रियांच्या असभ्य प्रदर्शनाला मनाई करणारा कायदा जाहिरातींनाही लागू होतो. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन परिषदेने जून 2022 मध्ये लिंगाधारित ठोकळ्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली: घरकाम करणारी बाई दाखवायला हरकत नाही, पण ते काम बाईचेच असे सुचवू नये. चित्रपटाच्या पोस्टरांना हीच कसोटी निर्मात्यांनी आपणहून लावावी, आणि मुलींनी पाहण्याजोगा चित्रपट त्यांच्यापर्यंत लावणीच्या किंवा अश्रूंच्या आधाराशिवाय पोहोचवून दाखवावा.