कुकबुक घेताय? आधी भाताचं पान उघडा!

पौडहून रोज पुण्यात कॉलेजला येताय, चांगलंचुंगलं खायची आवड आहे, पण खिशात पैसे मोजकेच? मग कुकबुक घेताना चकचकीत फोटोंना भुलू नका. अप्पा बळवंत चौकात पुस्तक हातात घ्या आणि थेट भाताचं पान उघडा. पाणी किती, आच केवढी, नीट सांगितलंय? मापं वाटी-चमच्यात आहेत? कमलाबाई ओगले यांचं १९७० सालचं ‘रुचिरा’ याच मापांमुळे नवशिक्यांना जवळचं वाटलं. ओव्हनवाली पुस्तकं सध्या राहू द्या.

आणि हो, आपला मुळशीचा इंद्रायणी मऊ, चिकटसर. पुस्तकातलं पाणी त्याला चालेलच असं नाही. घरी आजीला विचारा, तिचं माप पानाच्या कडेला लिहून ठेवा. पुस्तक खरं तुमचं होतं ते तेव्हाच!