फलकावरील ‘सह’ : तमाशाच्या फडातील दांपत्य आणि यात्रेचा हंगाम

लोकरंजनाच्या इतिहासात कलावंतांच्या जोड्यांना विशेष स्थान आहे. अमेरिकेत ग्रामीण वळणाच्या ‘कंट्री’ संगीतामध्ये पतिपत्नींनी एकत्र दौरे काढण्याची परंपरा जुनी आहे. जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट यांचा विवाह १९६९ साली झाला व १९७५ साली तो मोडला. परंतु त्या अवधीत त्यांचे एकत्र गायन हे त्यांच्या लोकप्रियतेचे एक महत्त्वाचे अधिष्ठान होते. पुढे टिम मॅग्रॉ आणि फेथ हिल या दांपत्याने २००० साली, २००६ साली आणि पुन्हा २०१७-१८ मध्ये मोठमोठ्या क्रीडागारांतून संयुक्त कार्यक्रम केले. या दौऱ्यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांत पत्नी ही पतीच्या कार्यक्रमातील साहाय्यक गायिका नसते. जाहिरातीत दोघांची नावे समान मानाने छापलेली असतात आणि दोघांचा स्वतंत्र श्रोतृवर्ग एकाच आसनव्यवस्थेत एकत्र येतो.

महाराष्ट्रात याला समांतर असे काही आहे काय, असा प्रश्न उपस्थित केल्यास दृष्टी सहजच ढोलकीफडाच्या तमाशाकडे वळते. तुकाराम खेडकर आणि कांताबाई सातारकर हे दांपत्य त्याचे ठळक उदाहरण होय. या उदाहरणाचा विचार करताना केवळ दोन कलावंतांचे चरित्र पाहून भागत नाही. ज्या व्यवस्थेत अशा जोडनावाला किंमत येते ती व्यवस्था प्रथम समजून घ्यावी लागते. त्यासाठी पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यासारखा, यात्रांचा हंगाम ज्याच्या जीवनक्रमात मुरलेला आहे असा प्रदेश पुढे ठेवणे सोयीचे ठरेल.

१. हंगाम आणि प्रेक्षक

मुळशी हा सह्याद्रीच्या माथ्यापासून पुणे शहराच्या पश्चिम सीमेपर्यंत उतरत आलेला तालुका. पौड हे त्याचे मुख्य ठाणे. पश्चिमेकडील खोऱ्यांत पाऊस अतोनात, आणि पीक मुख्यतः भाताचे. पावसाळ्यात येथे कनात उभारणे अशक्य. भाताची कापणी व झोडणी आटोपल्यानंतर मात्र खाचरे मोकळी पडतात, आणि देवळालगतचे कोरडे खाचर हेच गावाचे सभास्थान, आखाडा आणि रंगभूमी बनते. चैत्रात ग्रामदैवतांच्या यात्रा सुरू होतात. हिंजवडी येथील म्हातोबाची चैत्र पौर्णिमेची यात्रा आणि तेथून वाकडपर्यंत जाणारे बगाड हे या भागातील विशेष प्रसिद्ध उदाहरण.

या यात्रांचा प्रेक्षक केवळ गावात राहणारा शेतकरी नव्हे. मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव व जुन्नर या तालुक्यांतील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत पोट भरण्यासाठी गेले. मुंबईचे डबेवाले बहुतांशी याच पट्ट्यातील आहेत, आणि एप्रिलच्या सुमारास गावच्या यात्रेसाठी ते काही दिवस काम बंद ठेवतात ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मुंबईकर चाकरमाना गावी येई तेव्हा त्याने लालबागच्या हनुमान थिएटरसारख्या ठिकाणी तमाशा पाहिलेला असे. यात्रेत कोणता फड आणावयाचा याविषयी त्याचे ठाम मत असते, आणि वर्गणीतील त्याचा वाटाही मोठा असल्याने त्या मताला वजन असते. अशा रीतीने मुंबईतील नाट्यगृह आणि मावळातील खाचर ही एकाच दौऱ्याची दोन टोके ठरत.

फडाचा वर्षक्रम याच जीवनक्रमाला जुळवून घेतलेला आहे. दसऱ्याला फड बाहेर पडतो. गुढीपाडव्यापर्यंत तो कनात लावून तिकिटावर खेळ करतो. पाडव्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या घेतो. त्यानंतर पावसाळाभर विश्रांती. सुपारी ठरविण्याचे मुख्य केंद्र म्हणजे जुन्नर तालुक्यातील नारायणगाव. तेथे हंगामात फडमालकांच्या राहुट्या लागतात, यात्रा कमिटीचे पंच राहुटी-राहुटीतून फिरतात, रक्कम ठरते आणि इसार दिला जातो. पंचांना त्या क्षणी खेळ दिसत नाही. त्यांना दिसतो तो राहुटीवरचा फलक. तेव्हा फलकावरील नाव हेच फडाचे भांडवल होय, हे विधान अलंकारिक समजण्याचे कारण नाही. हंगामापूर्वी कलावंतांना उचल द्यावी लागते आणि ती देण्यासाठी फडमालकाला कर्ज काढावे लागते. हे कर्जही अखेर त्या नावाच्याच पतीवर मिळते.

२. जोडनावांचा प्रघात

तमाशात जोडनावे नवी नाहीत. भाऊ-बापू मांग नारायणगावकर ही भावांची जोडी. काळू-बाळू ही कवलापूरच्या जुळ्या भावांची जोडी. या जोड्यांत रक्ताचे नाते हेच भागीदारीचे तारण असते. घर एक, चूल एक, म्हणून हिशोबही एक.

स्त्री-पुरुषांच्या जोडीचा विचार करता पठ्ठे बापूराव आणि पवळा यांचे नाव प्रथम येते. रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे ब्राह्मण कुळात जन्मलेले शाहीर, आणि पवळा ही संगमनेरजवळील हिवरगाव पावसा येथील महार समाजातील कलावती. त्यांच्या सहवासाने तमाशात दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या : जातीची मर्यादा रंगमंचावर उघडपणे ओलांडली गेली, आणि स्त्री-कलावंताचे नाव ही प्रेक्षक खेचणारी शक्ती ठरू शकते हे सिद्ध झाले. तत्पूर्वी तमाशात स्त्रीची भूमिका करण्याचे काम नाच्या पोऱ्याकडे असे. तथापि बापूराव आणि पवळा यांचे नाते विवाहाच्या चौकटीतले नव्हते, आणि ते अखेरपर्यंत टिकलेही नाही. फडाची मालकी पतिपत्नींच्या संयुक्त नावाने चालविण्याचा नमुना त्यातून निर्माण झाला नाही.

३. खेडकर आणि सातारकर

तुकाराम खेडकर हे पुणे जिल्ह्यातील खेडच्या नावाने ओळखले जाणारे नामवंत फडमालक व वगनट. कांताबाईंचा जन्म १९३९ सालचा, गुजरातेतला. परंतु कुटुंब साताऱ्याचे. साताऱ्यात लहान वयातच त्या मेळ्याच्या मार्गाने रंगमंचावर आल्या व पुढे मुंबईत खेडकरांच्या फडात दाखल झाल्या. तेथे प्रमुख नटाची व प्रमुख नटीची जोडी जमली, आणि तिचे रूपांतर विवाहात झाले.

येथे नावांविषयी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. विवाहानंतरही कांताबाई रंगमंचावर ‘सातारकर’च राहिल्या. तमाशातील आडनाव हे बहुधा गावाचे नाव असते आणि ते कुळापेक्षा कीर्तीचे निदर्शक असते. खेडकर या नावाला उत्तर पुण्याच्या आणि मावळाच्या पट्ट्यात ओढ, तर सातारकर या नावाला कृष्णाकाठच्या मुलखात. पत्नीने पतीचे गावनाव घेतले असते तर फडाने एक मुलूख गमावला असता. पतिपत्नींची दोन भिन्न गावनावे एकाच फलकावर असणे हे म्हणूनच व्यावसायिकदृष्ट्या शहाणपणाचे होते. आणि सामाजिकदृष्ट्या पाहता, ज्या काळात विवाहित स्त्रीचे नाव सर्वत्र बदलले जात असे त्या काळात ते स्त्रीच्या स्वतंत्र कर्तृत्वाची अप्रत्यक्ष कबुली देणारे होते.

ढोलकीफडाच्या खेळाची रचनाही अशा जोडीला अनुकूल असते. गण आणि गौळण यांनंतर बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग असा तो क्रम. उमा बाबाजी सावळजकर यांचा १८६५ सालचा ‘मोहना-बटाव’ हा आद्य वग मानला जातो. त्यानंतरच्या शतकभरात वगाचा विस्तार उत्तरोत्तर वाढत गेला. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध घातले, संहिता तपासून घेण्याची पद्धत सुरू केली. तेव्हा ऐतिहासिक, पौराणिक व सामाजिक वगांना अधिकच महत्त्व आले. लावणीप्रधान खेळात एक नर्तकी पुरेशी होते; वगप्रधान खेळाला मात्र रात्रभर एकमेकांच्या तोडीस तोड उभे राहणारे दोन नट लागतात. वगाचे संवाद पुष्कळदा लिहिलेले नसतात. कथेचा सांगाडा ठरलेला असतो आणि संवाद जागच्या जागी रचावयाचे असतात. समोरचा नट कोणत्या शब्दावर थांबेल, कोठे वळण घेईल, प्रेक्षक ढिला पडला तर कोणता प्रसंग गाळील, याची नेमकी जाण सहवासाने येते. दांपत्य हे या दृष्टीने अखंड तालीम करणारे युगुल होय.

४. मृत्यूनंतरचे नाव

या जोडनावाची खरी परीक्षा १९६४ साली झाली. त्या वर्षी तुकाराम खेडकर यांचे निधन झाले. कांताबाई त्या वेळी पंचविशीत होत्या आणि पदरी लहान मुले होती. संयुक्त नावाने मिळविलेली कीर्ती ही संयुक्त मालमत्ता असते काय, हा प्रश्न येथे प्रत्यक्षात उभा राहिला, आणि त्याचे उत्तर कांताबाईंच्या विरुद्ध गेले. फड त्यांच्या हाती राहिला नाही. ज्या स्त्रीचे नाव पाहून प्रेक्षक जमत होता तिला काही काळ दुसऱ्यांच्या फडांत कलावंत म्हणून काम करावे लागले. कनात, पेट्या, वाद्ये, गाड्या यांची मालकी सांगता येते. नावाने जमविलेल्या प्रेक्षकाची मालकी कोणत्याही कागदावर नोंदलेली नसते. फडाचा करार तोंडी, भागीदारी घरगुती आणि हिशोब पुरुषाच्या हाती, अशा व्यवस्थेत विधवा कलावतीला वारसाहक्क सांगण्यासाठी आधार उरत नाही.

काही वर्षांनी कांताबाईंनी संगमनेर येथे राहून स्वतःचा फड उभा केला. त्या फडाला त्यांनी दिलेले नाव अभ्यासकांनी बारकाईने पाहावे असे आहे : ‘तुकाराम खेडकरसह कांताबाई सातारकर’. वरवर पाहता यात दिवंगत पतीला अग्रमान दिलेला दिसतो, आणि फलकावर त्यांचे नाव आधी येते हे खरेच. परंतु व्याकरणदृष्ट्या ‘सह’ हे शब्दयोगी अव्यय ज्या नावाला जोडले जाते ते नाव सोबतीचे असते. मुख्य कर्तृत्व पुढील नावाकडे जाते. ‘रामासह सीता वनात गेली’ या वाक्यात कर्ता सीता आहे. त्याच न्यायाने या फलकावर कर्त्या कांताबाई आहेत आणि पती सोबतीला आहेत. नारायणगावच्या राहुटीसमोर उभ्या राहिलेल्या पंचाला जुने, खात्रीचे नाव प्रथम दिसावे आणि फड चालविणारी स्त्री कोण हेही स्पष्ट व्हावे, ही दोन्ही प्रयोजने एका अव्ययाने साधली. पती हयात असताना ‘सह’ हा शब्द भागीदारीचा वाचक होता. त्यांच्या पश्चात तो हक्काचा वाचक झाला.

रंगमंचावरही याचे प्रतिबिंब उमटले. समोरचा नट गेल्यानंतर वगातील नायक कोणी करावयाचा, हा प्रश्न कांताबाईंनी पुरुषभूमिका स्वतः करून सोडविला. छत्रपती शिवाजी महाराजांची त्यांची भूमिका प्रेक्षकांच्या विशेष स्मरणात राहिली. ज्या तमाशात पूर्वी पुरुष स्त्रीवेष घेत असे, त्याच तमाशात एका स्त्रीने नायकाचा पोशाख चढवावा, हे परिवर्तन अभ्यासनीय आहे. ते कोणत्याही तात्त्विक भूमिकेतून झाले नाही. फड जगविण्याच्या निकडीतून झाले. पुढे पुत्र रघुवीर खेडकर सोंगाड्या म्हणून नावारूपास आले, मुलीही रंगमंचावर उभ्या राहिल्या, आणि फलकावर पतिपत्नींच्या जागी मायलेकांची जोडी आली.

५. तुलना आणि निष्कर्ष

अमेरिकन दांपत्याचा दौरा आणि तमाशाचा फड यांत साम्य आहे ते दोन नावांच्या बेरजेचे. प्रवासाचा खर्च एक, मंच एक, प्रेक्षक मात्र दोघांचे. शिवाय संसार आणि व्यवसाय यांची ताटातूट होत नाही. परंतु भेदही मूलगामी आहे. तेथे दोन्ही कलावंतांचे स्वतंत्र लेखी करार असतात आणि दौरा संपला की प्रत्येकाची मिळकत वेगळी मोजता येते. जोन्स आणि वायनेट यांचा संसार मोडला, तरी वायनेट यांचे स्वतंत्र गायन आणि नाव त्यांच्यापाशी राहिले. येथे फड हाच संसार असतो. शंभराहून अधिक माणसांचे पोट त्यावर चालते, आणि त्याची पत कर्त्या व्यक्तीच्या श्वासाशी बांधलेली असते. त्यामुळे एका जोडीदाराच्या मृत्यूने दुसऱ्याचे केवळ वैयक्तिक नव्हे, तर व्यावसायिक अस्तित्वही धोक्यात येते.

यात्रेचा हंगाम बुडाला तर फडाचे काय होते हे २०२० आणि २०२१ या दोन वर्षांनी दाखविले. साथीच्या रोगामुळे गावोगावच्या यात्रा रद्द झाल्या, नारायणगावच्या राहुट्या ओस पडल्या आणि दिलेली उचल फडमालकांच्या अंगावर राहिली. २५ मे २०२१ रोजी संगमनेर येथे त्याच साथीत कांताबाईंचे निधन झाले. तुकाराम खेडकरांच्या पश्चात त्यांनी सत्तावन्न वर्षे काढली. पतीबरोबर फलकावर नांदलेला काळ त्या मानाने अत्यल्प, दहा-बारा वर्षांचाच होता.

मुळशीचा पूर्व भाग आता शहरात मिसळत आहे. हिंजवडीच्या शिवारात संगणक-उद्योगाच्या इमारती उभ्या आहेत, आणि ज्या मोकळ्या रानांत कनाती लागत तेथे रस्ते व वसाहती झाल्या आहेत. यात्रा मात्र भरते, आणि यात्रेच्या पत्रिकेत रात्रीच्या करमणुकीसाठी अजून जागा ठेवलेली असते. अशा पत्रिका गावोगावच्या कमिट्यांकडे व जुन्या घरांतून विखुरलेल्या आहेत. त्यांवर कोणत्या फडाचे नाव कोणत्या क्रमाने छापले गेले, ‘सह’ कोणापुढे आले आणि कोणत्या वर्षी एखादे नाव गळाले, याची तालुकावार नोंद केल्यास लोकनाट्यातील स्त्रीच्या मालकीहक्काचा इतिहास लिहिता येईल. ज्या हक्काचा दस्तऐवज कचेरीत सापडत नाही, त्याचा पुरावा कदाचित यात्रेच्या पत्रिकेवर सापडेल.