एकच जोड, दोन वाटा

मृगाच्या सरी पडल्या की आमच्या छत्रपती संभाजीनगरात बुटांच्या दुकानांतली गिऱ्हाइकं बदलतात. शाळेच्या बुटांची गर्दी ओसरते आणि डोंगरभटक्यांची पावलं दुकानाकडे वळू लागतात. कुणाला देवगिरीवर जायचं असतं, कुणाला अंतूरला, कुणाला गौताळ्याच्या रानात. यंदा या गर्दीत मीही आहे, कारण माझी मुलगी कॉलेजात गेली आणि तिने डोंगराचं वेड घेतलं. मध्यमवर्गीय घरात अशा वेळी मागणी ठरलेली असते, ‘‘असा एकच जोड दाखवा, जो कातळावरही चालेल आणि चिखलातही.’’

ऐकायला ही मागणी किती साधी! पण आपल्या मुलखाची जमीन पाहिली की तिच्यातली गोम कळते. आपण सगळे बेसाल्टवर राहतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा दगड झाला. त्यात वेरूळ-अजिंठ्याची लेणी कोरली गेली, देवगिरीचा कडा तासला गेला. हाच दगड झिजून मराठवाड्याची काळी माती झाली. म्हणजे आई आणि लेक म्हणा ना! पण दोघींचे स्वभाव मात्र अगदी उलटे. कातळ कोरडा असेल तर पायाला घट्ट धरतो आणि ओल्या शेवाळाने माखला की क्षणात दगा देतो. काळी माती ओली झाली की फुगते आणि बुटाला अशी चिकटते, की शंभर पावलांत पाय उचलवत नाही. पितळखोऱ्यासारख्या ठिकाणी पावसाळ्यात गेलात, तर दोघींची गाठ एकाच दिवशी पडते.

गंमत अशी, की हाच प्रश्न जगात इतरत्रही माणसांना छळतो. गुलमर्गला बर्फावर घसरण्याचा खेळ चालतो, तो आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. तिथे पायाला बांधायच्या स्कीच्या पट्ट्या दोन परींच्या असतात. ताज्या भुसभुशीत बर्फात रुंद पट्टी हवी, म्हणजे माणूस वर तरंगतो. यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावर अरुंद पट्टी हवी, म्हणजे कड चटकन धरते आणि वळता येतं. ज्यांना एकच जोड परवडतो, ते पायाखाली साधारण ९० ते १०० मिलिमीटर रुंदीची मधली पट्टी घेतात. ती दोन्हीकडे चालते, पण दोन्हीकडे थोडी उणीच पडते. मधला मार्ग फुकट मिळत नाही, हे बर्फवाल्यांनाही चुकलेलं नाही.

बुटांच्या बाबतीत तर या प्रश्नाने जीव घेतले आहेत. इटलीतले गिर्यारोहक पूर्वी पायथ्यापासून खिळे ठोकलेले जड बूट घालून जात. खडक लागला की ते काढून ठेवत आणि मऊ तळाचे हलके जोडे चढवत. १९३५ साली पुंता रासिका या शिखरावर अशीच एक तुकडी वादळात अडकली. अंगावर थंडी, पायांत पातळ जोडे. सहा जणांना प्राण गमवावे लागले. त्या तुकडीतून वाचलेल्या विताले ब्रामानी यांच्या मनात ही गोष्ट घर करून राहिली. चिखल, बर्फ, खडक या साऱ्यांवर चालेल असा एकच तळ करायचा, या ध्यासातून त्यांनी १९३७ साली खोल खाचांचा रबरी सोल बाजारात आणला. त्यांच्याच नावावरून तो ‘विब्राम’ म्हणून ओळखला जातो. १९५४ साली इटालियन मंडळी के-टू शिखरावर पहिल्यांदा पोचली, ती असेच सोल घालून. आज आपल्या दुकानांत खाचाखाचांचे जे सोल दिसतात, त्यांचं मूळ त्या अपघातात आहे.

पण खाचा दिसल्या म्हणजे काम झालं असं नव्हे. पैठण गेटजवळचे एक चर्मकार काका मला म्हणाले, ‘‘दादा, वरचा भाग सगळेच बघतात. तुम्ही बूट उलटा करून बघा.’’ लाखमोलाचा सल्ला! खोल आणि विरळ खाचा चिखलात रुततात आणि चालता चालता माती झाडून टाकतात. कातळावर मात्र त्या टोकांवरच उभं राहावं लागतं, दगडाला टेकणारं रबर कमी पडतं. उथळ आणि दाट खाचांचं नेमकं उलट. त्याहून मोठा भेद रबराचा. कडक रबर वर्षानुवर्षं टिकतं, पण ओल्या दगडावर काचेसारखं सरकतं. मऊ रबर दगड धरून ठेवतं, पण डांबरी रस्त्यावर लवकर झिजतं. सोलावर अंगठ्याचं नख रोवून पाहावं. किंचित दबलं तर आशेला जागा आहे.

आमच्या गटातले एक पन्नाशीचे स्नेही दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात एका किल्ल्याच्या खोदीव पायरीवरून घसरले. बूट नवे, महागडे, खाचा बोटभर खोल. पण रबर कडक आणि पायरीवर शेवाळ. मनगट मोडलं. तेच स्नेही त्याच बुटांनी सकाळी चिखलाची वाट आमच्या सगळ्यांच्या पुढे तुडवत आले होते!

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. एकच जोड घ्यायचा, तर दोन्ही वाटांना समान गुण देऊन बेरीज करू नये. कुठली चूक महाग पडते, ते पाहावं. चिखलात बूट कमी पडला तर काय होतं? पाय जड होतात, काडीने माती खरवडावी लागते, तासभर उशीर होतो. कातळावर बूट कमी पडला तर हाड मोडतं, कधी त्याहूनही वाईट होतं. म्हणून रबर निवडावं कातळासाठी, आणि खाचा मध्यम घ्याव्यात, चिखलाची थोडी गैरसोय सोसून. आणि शेवाळाने मढलेल्या दगडावर कुठलंच रबर पुरेसं नसतं, हेही मनाशी ठेवावं. तिथे हात टेकावा, बसून उतरावं, नाही तर सरळ मागे फिरावं.

बाकीच्या गोष्टी लहान, पण घरातल्या आयाबापांनी लक्षात ठेवाव्यात अशा. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. मोजे डोंगरावर वापरायचे तेच घालावेत. बोटांच्या पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, नाही तर उतरताना नखं काळीनिळी होतात. ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाला भुलू नये. आपल्या पावसात पाणी वरून, घोट्याकडून शिरतं आणि मग आतच राहतं. त्यापेक्षा पाणी निथळून जाईल असं जाळीदार कापड बरं. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत पादत्राणं बाहेर काढावी लागतात, तेव्हा नाड्या सहज सुटणाऱ्या असाव्यात. आणि माळ्यावर चार वर्षं पडलेला ‘नवाकोरा’ बूट थेट डोंगरावर नेऊ नये. नुसता ठेवूनही आतला फोम भुसभुशीत होतो, डिंक सुकतो आणि नेमका अर्ध्या वाटेत सोल जबडा उघडतो. पिशवीत हातभर नायलॉनची दोरी असू द्यावी.

मुलीला दुकानात लाल पट्ट्यांचा एक देखणा जोड आवडला होता. मी तो उलटा करून तिच्या हातात दिला. तिने नख रोवून पाहिलं, क्षणभर विचार केला आणि स्वतःच परत ठेवला. शेवटी घेतला तो करड्या रंगाचा, दिसायला अगदी सामान्य. ‘‘बाबा, हा फोटोत काही चांगला दिसणार नाही,’’ एवढंच ती म्हणाली.

नाही दिसला तरी चालेल. फोटो काढून ती धडपणे घरी आली, की आमचे पैसे वसूल.