आल्प्समधली स्कीची सुट्टी नवशिक्यापासून आखावी

आल्प्समधल्या स्की-गावांच्या जाहिराती किलोमीटरच्या भाषेत बोलतात. फ्रान्सच्या त्र्वा व्हॅले प्रदेशात लिफ्टने एकमेकांना जोडलेले ६०० किलोमीटरचे उतार आहेत, जवळच्या पॅराडिस्कीत ४२५. पण म्युनिकला किंवा लंडनला स्थायिक झालेले जोडपे, त्यांची दोन शाळकरी मुले, पुण्याहून आलेले आजी-आजोबा आणि कधीच स्की न केलेले एक-दोन मित्र असा गोतावळा आठवडाभर डोंगरात जातो, तेव्हा या शेकडो किलोमीटरांपैकी बहुतेकांच्या वाट्याला जेमतेम दोन-चार येतात. नवशिका पहिले दोन दिवस शे-दीडशे मीटरच्या जवळजवळ सपाट पट्ट्यावर थांबायला आणि वळायला शिकतो, आणि आठवडा सरताना एखाद्या सोप्या निळ्या उतारावरून खाली येतो. आजी-आजोबा तर स्की करणारच नसतात. म्हणून अशा गटाने गाव निवडताना सर्वांत कच्च्या माणसापासून आणि स्की न करणाऱ्यापासून सुरुवात करावी, तरबेज माणसाचा विचार शेवटी करावा. या क्रमात तरबेज माणसाचे थोडेच जाते. क्रम उलटला, तर बाकी सगळ्यांचा आठवडा वाया जाऊ शकतो.

हे पटण्यासाठी स्की शिकवली कशी जाते ते पाहावे लागेल. फ्रान्समध्ये १९४५ साली स्थापन झालेल्या एकोल द्यु स्की फ्राँसे या संस्थेचे लाल जाकिटातले शिक्षक जवळपास प्रत्येक स्की-गावात असतात. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि इटलीतही गावोगाव स्कीच्या शाळा आहेत. मुलांचे गटवर्ग साधारण रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात आणि शुक्रवारी संपतात. शक्यतो तोच शिक्षक आणि तोच गट आठवडाभर राहतो, आणि शेवटी मुलांना पदके मिळतात. फ्रान्समध्ये त्यांच्या पायऱ्या अस्वलाचे पिल्लू, हिमकण आणि मग एकामागून एक तारे अशा चढत जातात. म्हणजे शनिवारी पोहोचून पुढच्या शनिवारी निघणे हा तिथल्या सगळ्या व्यवहाराचाच सांगाडा आहे, आणि बुधवारी उगवलेल्या पाहुण्याला त्यात शिरणे अवघड जाते. आता याच दिनक्रमात सहा वर्षांचे मूल कल्पून पाहा. पायात कडक प्लास्टिकचे बूट, डोक्यावर हेल्मेट, स्की बहुधा आई किंवा बाबाच्या खांद्यावर. मुक्कामापासून शाळेच्या जागेपर्यंत सातशे मीटरची निसरडी चढण असेल किंवा गर्दीची बस पकडावी लागत असेल, तर वर्ग सुरू होण्याआधीच घरातल्या सगळ्यांचा दम आणि संयम संपतो. त्यामुळे उतारांच्या नकाशाइतकाच गावाचा नकाशा महत्त्वाचा आहे. सरावाचा पट्टा, शाळा, पहिली लिफ्ट आणि मुक्काम यांतले अंतर त्यावर मोजून पाहावे, आणि तेही चढ लक्षात घेऊन.

काही गावे याच विचाराने घडली आहेत. १८०० मीटरवरचे आव्होरियाझ १९६६ साली मोटारींना मज्जाव करूनच वसवले गेले. तिथे रस्त्यांच्या जागी बर्फ आहे आणि मुलांची स्कीशाळा गावाच्या मध्यावर. ऑस्ट्रियात टिरोलमधले सेरफाउस हे याहून जुने, शेतकऱ्यांचे गाव. मोटारींचा त्रास नको म्हणून त्याने १९८५ मध्ये रस्त्याखालून चक्क छोटी भुयारी रेल्वे काढली. हवेच्या गादीवर सरकणारी ही गाडी गावाच्या वेशीवरच्या वाहनतळापासून चार स्थानके घेत थेट केबल कारपाशी पोहोचते. केबल कार वर कोम्पेरडेलला जाते, आणि मुलांचा शिकण्याचा मोठा परिसर तिथे, सुमारे २००० मीटरवर आहे. उपाहारगृहेही तिथेच. स्की न करणारे आजोबा साध्या बुटांत त्याच केबल कारने वर जाऊन नातवाचे पहिले वळण पाहू शकतात आणि दुपारी सगळे एका टेबलावर जेवू शकतात.

या दुपारच्या जेवणाला मी फार महत्त्व देतो. गट मोडतो तो दुपारीच. स्की करणारे डोंगराच्या पलीकडे, शिकणारे पायथ्याशी आणि उरलेले खोलीत, असे रोज होऊ लागले की तिसऱ्या दिवसापासून एकत्र येण्याचे कारणच उरत नाही. वेंगेन या मोटारमुक्त स्विस गावाची योग्यता इथे कळते. तिथे रेल्वेनेच जायचे. नवशिक्यांचा उतार गावाच्या मधोमध आहे, आणि तीच रेल्वे पुढे २०६१ मीटरवरच्या क्लायने शायडेग स्थानकापर्यंत चढते. आयगर शिखराच्या पायथ्याशी असलेल्या या स्थानकावर उतारांवरून आलेले आणि आगगाडीने आलेले सहज भेटतात. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला ग्रिंडेलवाल्ड आहे. तिथे बर्फातल्या पायवाटा आहेत, आणि फाउलहॉर्नपासून खाली येणारी १५ किलोमीटरची घसरगाडीची वाटही. तिच्या माथ्यावर पोहोचायला मात्र अडीच तास चालावे लागते, हे आजोबांना आधी सांगितलेले बरे.

इथे एक खरा पेच येतो. वेंगेन १२७४ मीटरवर आहे, ग्रिंडेलवाल्ड १०३४ वर. झाडी, जुनी लाकडी घरे, फिरायला बाजार हे सगळे खालच्या गावांत असते, आणि तिथल्या बर्फाची खात्री मात्र कमी होत चालली आहे. २०२२ संपून २०२३ उजाडले तेव्हा आल्प्समधल्या कित्येक खालच्या उतारांवर गवत दिसत होते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युरोपातली २२३४ स्की-ठिकाणे तपासली गेली. तापमान औद्योगिक काळापूर्वीपेक्षा २ अंशांनी वाढले आणि कृत्रिम बर्फ वापरला नाही, तर त्यांतल्या ५३ टक्के ठिकाणी बर्फाच्या तुटवड्याचा धोका फार मोठा असेल, असा त्याचा निष्कर्ष आहे. कृत्रिम बर्फाच्या तोफा काही अंशी मदत करतात, पण त्यांनाही हवा थंड आणि कोरडी लागते. महाराष्ट्रातून जाणाऱ्या कुटुंबाला तारखांची निवडही फारशी नसते. दिवाळीत हिमनद्यांवरचे मोजके उतारच सुरू असतात, फेब्रुवारी-मार्च परीक्षांत जातात. उरते ती नाताळची छोटी सुट्टी, म्हणजे खालच्या गावांसाठी सर्वांत बेभरवशाचा आठवडा, किंवा परीक्षांनंतरचा एप्रिल. या दोन्ही वेळी उंचीलाच कौल द्यावा. २३०० मीटरवरचे व्हाल तोराँस किंवा १९३० मीटरवरचे ओबरगुर्गल तेव्हा योग्य. व्हाल तोराँसचा हंगाम तर सहसा मेच्या सुरुवातीपर्यंत चालतो. युरोपात राहणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. फ्रान्सच्या हिवाळी सुट्ट्या तीन विभागांत आळीपाळीने पडतात आणि जवळजवळ अख्खा फेब्रुवारी व्यापतात, ब्रिटनची अर्धसत्राची सुट्टीही त्यातच येते, आणि दर व रांगा दोन्ही वाढतात. मुले शाळेच्या वयाची नसतील तर जानेवारीचा मध्य उत्तम. कडाक्याची थंडी असते, पण गर्दी कमी आणि भाडेही उतरलेले. मधल्या हंगामात सेरफाउससारखी रचना पेच बराच सोडवते, कारण गाव १४०० मीटरच्या आसपास राहते आणि शिकण्याची जागा बर्फ टिकणाऱ्या उंचीवर जाते. अशा ठिकाणी नवशिक्याला संध्याकाळी लिफ्टने खाली उतरता येते ना, एवढे मात्र पाहून ठेवावे. दिवसअखेरीस गावाकडे येणारा उतार बहुधा घट्ट गोठलेला आणि गर्दीचा असतो.

तरबेज माणसांचा आक्षेप मला मान्य आहे. खर्चाचा मोठा वाटा अनेकदा त्यांचाच असतो आणि वर्षातून एकच आठवडा त्यांना मिळतो. पण सेरफाउस-फिस-लाडिस या जोडप्रदेशात दोनशेहून अधिक किलोमीटरचे उतार आहेत, आणि उत्साही माणसालाही एका आठवड्यात ते पुरतात. शिवाय मुले सकाळी वर्गात असताना आई-बाबांना दोन-तीन तास निर्वेध मिळतात. मूल लांबच्या बसने शाळेत सोडावे लागत असेल तर हेच तास वाहतुकीत जातात. म्हणजे नवशिक्याची सोय पाहिल्याने तरबेज माणसाचाही वेळ वाचतो. यावर दुसरा प्रस्ताव येतो: शाळेचे पैसे वाचवू, आमच्यातलाच जाणता बाकीच्यांना शिकवील. हे टाळावे. चांगली स्की करणारा माणूस कोणता उतार सोपा आहे याचा अंदाज स्वतःच्या सवयीवरून बांधतो, घाबरलेला नवशिका चुकीच्या जागी अडकतो, आणि दोघांचीही सुट्टी जाते.

मराठी पर्यटकाचा खास आक्षेप असा असतो, की एवढे विमानभाडे भरून आठवडाभर एकाच गावात का बसायचे? टिट्लिस, युंगफ्राउयोख आणि चार शहरे पाहणारी सहल आनंदाची असते, आणि बर्फ पाहायचाच असेल तर ती पुरे. स्कीचे शिक्षण मात्र सलग दिवस मागते. पहिल्या दोन दिवसांत पडणे आणि पाय दुखणेच जास्त असते, मजा बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होते. सलग इतके दिवस नसतील तर स्कीचा हट्ट सोडून घसरगाडी चालवावी. आणि मुलांना हा खेळ आवडेल की नाही याचीच शंका असेल, तर आधी २६५० मीटरवरच्या गुलमर्गला जावे. तिथे सरकारी प्रशिक्षण संस्था आहे आणि खर्च खूपच कमी. बर्फाची हमी तिथेही नाही, २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार बराच काळ बर्फाविना उघडे पडले होते.

गाव ठरले की आधी मुलांच्या वर्गातल्या जागा पाहाव्यात, मग मुक्काम, मग विमान. गर्दीच्या आठवड्यांत इंग्रजीतून शिकवणारे वर्ग लवकर भरतात, आणि आपल्या मुलांना तेच लागतात. स्वयंपाकघर असलेली सदनिका घ्यावी. शाकाहारी माणसाला चीज, ब्रेड आणि बटाट्यांवर दोन दिवस काढता येतात, आठवडा जड जातो. कडक शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तिथल्या अनेक पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातले विरजण असते. नवशिक्यासाठी पूर्ण प्रदेशाचा पास घेऊ नये. सरावाच्या लिफ्टचा वेगळा, स्वस्त पास अनेक ठिकाणी मिळतो, काही ठिकाणी त्या लिफ्ट फुकटही असतात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, पण साध्या प्रवास विम्यात स्कीचे अपघात अनेकदा वगळलेले असतात. डोंगरातून हेलिकॉप्टरने आणण्याचा खर्च धरलेला हिवाळी खेळांचा विमा वेगळा मागावा. इटलीत २०२२ पासून दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा विमाही स्की करणाऱ्याला सक्तीचा आहे. शेवटी, भाड्याच्या दुकानात वजन विचारतील तेव्हा ते खरेच सांगावे. पडल्यावर स्की बुटापासून कितपत सहज सुटावी हे वजन, वय, बुटाची लांबी आणि कौशल्य यांवरून ठरवले जाते, आणि ती वेळेवर सुटली नाही तर ताण गुडघ्यावर येतो.