परसोजी भोसल्यांच्या मृत्यूची खबर

१ फेब्रुवारी १८१७ च्या सकाळी नागपूरच्या राजवाड्यात परसोजी भोसले बिछान्यात मृत आढळले. गादीवर येऊन त्यांना वर्षही झाले नव्हते. प्रकृतीने अधू असलेल्या या राजाच्या नावाने कारभार पाहणारे त्यांचे चुलतभाऊ मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब त्या दिवशी नागपुरात नव्हते, चांद्याला गेले होते. शहरात कुजबुज सुरू झाली. ती सीताबर्डीला इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्या कानावरही गेली. पण प्रकरण पुढे नेण्याइतका आधार मिळाला नाही असे ठरले आणि आप्पासाहेब राजे झाले. कंपनी सरकारने त्यांना राजा म्हणून मानले.

मार्च १८१८ मध्ये हाच मृत्यू रेसिडेन्सीच्या कागदांत खून म्हणून येतो. राजाला गळा दाबून मारले, तेही आप्पासाहेबांच्या हुकमाने, असे पुरावे आता गोळा झालेले असतात. १५ मार्चला आप्पासाहेबांना कैद होते, आणि त्यांच्यावर ठेवलेल्या आरोपांत वर्षापूर्वीचा हा खूनही असतो. मृत्यू तोच, राजवाडा तोच, खबर देणारे शहरही तेच. मधल्या काळात फक्त सीताबर्डीची लढाई झालेली आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. उमेदीची सगळी वर्षे हिशेबतपासणीच्या नोकरीत गेली आणि इतिहास रविवारी व सुट्टीत वाचला. पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचा पाचवा खंड नागपूरच्या राजकारणावर आहे. जदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली निघालेल्या या मालेतला हा खंड बुलढाण्याच्या यादव माधव काळ्यांनी संपादित केला. तो पहिल्यांदा हाती आला तेव्हा मी तो वर्तमानपत्रासारखा वाचला होता: घडले ते लिहिले, लिहिले ते खरे. नंतर कचेरीतली सवय आड आली. तिथे आम्ही दोन तारखा पाहायचो, व्यवहार कधी झाला आणि त्याची नोंद कधी झाली. दोहोंत अंतर असेल तर त्या मधल्या काळात काय घडले ते आधी विचारायचे. परसोजींच्या मृत्यूपाशी मी पहिल्यांदा अडखळलो तो याच सवयीमुळे.

रेसिडेंट म्हणजे नेमके कोण, हे थोडे सांगायला हवे. १७ डिसेंबर १८०३ ला देवगावचा तह झाला आणि दुसऱ्या रघूजींना कटक व वऱ्हाडावर पाणी सोडावे लागले. त्याच तहाने कंपनीचा माणूस नागपूर दरबारी कायम राहणार हे ठरले. त्याआधीही येणेजाणे होतेच. संस्कृतचा मोठा पंडित म्हणून पुढे गाजलेला कोलब्रुक १७९९ मध्ये इथे वकिलीवर आला होता. पण तो पाहुणा होता. १८०४ च्या आरंभी आलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, वय वर्षे चोवीस, हा मात्र मुक्कामाला आला. त्याच्यानंतर १८०७ पासून जवळजवळ वीस वर्षे जेंकिन्स. तोही आला तेव्हा बाविशीतला. सीताबर्डीच्या टेकड्यांच्या पश्चिम पायथ्याशी रेसिडेन्सी होती. शहर आणि राजवाडा टेकड्यांच्या पलीकडे, पूर्वेला. राजवाड्याच्या आत काय चालले आहे हे तिथे बसून दिसण्यासारखे नव्हते. दिसायचे ते माणसांमार्फत.

ही माणसे कोण? सर्वांत खाली हरकारे आणि जासूद. राजवाड्याच्या देवडीवर कोणाची पालखी आली, कोण किती वेळ आत होते, सावकाराला कधी बोलावले, हे टिपणारे. त्यांच्यावर अखबारनवीस. तो दरबारातल्या रोजच्या घडामोडी फारसीत लिहून काढी, आणि या कागदाला अखबार म्हणत. मग रेसिडेन्सीचा मुनशी तो साहेबाला समजावून देई. साहेब त्यातले हवे तेवढे उचलून इंग्रजीत मसुदा करी, आणि तो डाकेने कलकत्त्याला जाई. मराठीत उच्चारलेले एखादे वाक्य फारसीतून इंग्रजीत उतरेपर्यंत दोनदा तरी कपडे बदलत असे. बोलणाऱ्याचा टोला, त्यातली थट्टा, आवाज चढला की पडला, यांतले काय शिल्लक राहत असेल याचा अंदाज वाचकाने स्वतःच करावा.

यात गुप्त फारसे काही नव्हते, हे लक्षात ठेवलेले बरे. अखबारनवीस ठेवणे ही मोगलाईपासून चालत आलेली दरबारी रीत होती, आणि भोसल्यांचीही माणसे पुण्यात, हैदराबादेत, कलकत्त्यात असत. वॉरन हेस्टिंग्जच्या जवळ भोसल्यांचा वकील बेनीराम पंडित होता. १७८१ मध्ये चेतसिंगाच्या बंडामुळे हेस्टिंग्जला काशीतून पळ काढावा लागला, तेव्हा याच वकिलाने त्याला एक लाख रुपये देऊ केले आणि पुढे त्याबद्दल जहागीर मिळवली. आता हा वकील नागपूरचा की कंपनीचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. सांगायचे इतकेच, की आपले बोलणे सीताबर्डीला पोचते हे दरबाराला ठाऊक होते. पोचावे म्हणून बोललेलेही बरेच असणार.

इंग्रजांची ही पद्धत एकट्या नागपुरापुरती नव्हती. इराणच्या आखातावर बुशहर बंदरातही त्यांचा रेसिडेंट असे, आणि १८७३ पर्यंत तो मुंबई सरकारच्या हाताखाली होता. दक्षिण इराणातल्या शिराझ वगैरे शहरांत त्याचे स्थानिक बातमीदार होते. सुभेदाराने कोणाला पकडले, धान्य किती महागले, कोणत्या वाटेवर काफिला लुटला, असे सगळे ते फारसीत लिहून पाठवत. १८७४ पासून पुढच्या सुमारे तीस वर्षांचे हे कागद सईदी सीरजानी या इराणी लेखकाने १९८० च्या दशकात तेहरानला पुस्तकरूपाने छापले. तिथल्या वाचकांपुढे आपल्यासारखाच पेच आहे. परक्या सत्तेसाठी लिहिलेली ही टिपणे, आणि आपल्याच शहरातल्या साध्या माणसांचे रोजचे जिणे इतक्या तपशिलात दुसरीकडे मिळणे कठीण. फरक एवढाच, की त्यांच्याकडे बातमीदाराचा मूळ फारसी मजकूर आला. आपण काळ्यांच्या खंडात वाचतो ते साहेबाचे इंग्रजी.

आता पुन्हा १८१६ कडे येऊ. २२ मार्चला दुसरे रघूजी वारले. राजवाड्यात दोन तट होते. एका बाजूला रघूजींच्या राणी बाकाबाई आणि धर्माजी भोसले, दुसऱ्या बाजूला आप्पासाहेब. रघूजींनी तैनाती फौजेचा तह आयुष्यभर टाळला होता. आप्पासाहेबांना घरातल्या शत्रूंविरुद्ध पाठीराखा हवा होता, आणि तो टेकड्यांपलीकडे तयारच बसला होता. धर्माजी कैदेत पडले आणि मारले गेले. मे महिन्यात तह झाला. बोलणी आप्पासाहेबांच्या वतीने नागोपंत आणि नारायणपंत यांनी गुपचूप केली, कारण कारभारातल्या बाकीच्यांना कळले असते तर तह झालाच नसता.

म्हणजे परसोजी गेले त्या दिवशी रेसिडेन्सीची राजवाड्यातली भरवशाची माणसे कोणती? आप्पासाहेबांचीच. ज्याच्यावर संशय घ्यायचा त्यानेच बारा वर्षे न मिळालेला तह आठ महिन्यांपूर्वी हाती दिलेला. जेंकिन्सने जाणूनबुजून डोळे मिटले असे मी म्हणणार नाही. माझा तर्क असा, की त्याला डोळे उघडण्याची गरज वाटली नाही, आणि गरज नसलेली चौकशी कोणत्याही कचेरीत लांबत नाही. हे मी अनुभवाने सांगतो.

गरज निर्माण झाली ती नोव्हेंबरात. ५ तारखेला खडकीला पेशव्यांशी युद्ध सुरू झाले. तरीही २४ नोव्हेंबरला आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रे स्वीकारली. रेसिडेंटने त्या समारंभाला जायला नकार दिला. २६ च्या संध्याकाळपासून २७ च्या दुपारपर्यंत सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली. जेंकिन्स स्वतः तिथे होता, आणि त्याचा पहिला साहाय्यक जॉर्ज सॉथबी तिथेच पडला. यापुढची पत्रे वाचताना हे विसरता येत नाही. लिहिणारा आता वार्ताहर राहिलेला नाही. तो वादी आहे, आणि १६ डिसेंबरच्या लढाईनंतर शहर हाती आल्यावर न्यायाधीशही तोच आहे.

इथे डाकेचाही भाग आहे. आप्पासाहेबांना पुन्हा गादीवर बसवू नये असा गव्हर्नर जनरलचा हुकूम निघाला होता, पण तो पोचण्याआधीच जेंकिन्सने अटी घालून, जानेवारी १८१८ मध्ये, त्यांना राजवाड्यात परत नेले होते. झालेली व्यवस्था कलकत्त्याने मान्य केली. म्हणजे परसोजींच्या मृत्यूनंतर आप्पासाहेबांना दुसऱ्यांदा राजा मानले गेले, आणि त्यानंतर दोनच महिन्यांत त्या मृत्यूचा खून झाला. आता साक्षी द्यायला माणसे पुढे आली यात नवल नाही. वर्षापूर्वी ज्याच्याविरुद्ध बोलणे जिवावर बेतले असते, तो आता पडत होता. भीती गेली म्हणून ती खरे बोलली, की वारे फिरले म्हणून साहेबाला हवे ते बोलली? दोन्ही शक्य आहे, आणि कागद या दोहोंत फरक करू देत नाहीत.

आप्पासाहेब निर्दोष होते असे सिद्ध करायला मी बसलेलो नाही. मला विचाराल तर खून झाला असावा आणि त्यांच्या संमतीने झाला असावा. पण नागपुरात त्यांच्याबद्दल दोन टोकांनी बोलले जाते, कोणी भाऊबंदाचा खुनी म्हणतो, कोणी स्वातंत्र्यवीर, आणि दोन्ही पक्ष पुरावा म्हणून याच पत्रांची पाने काढतात. पत्र कोणत्या महिन्याचे आहे हे मात्र सहसा सांगत नाहीत.

मग आपले मराठी साधन काढा, असे कोणी म्हणेल. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची नागपूरकर भोसल्यांची बखर आहे, आणि ती मोलाची आहे. पण तीही जेंकिन्सच्या सांगण्यावरून लिहिलेली. आप्पासाहेब १३ मे १८१८ ला रायचूर मुक्कामी पहाऱ्यातून निसटले, आणि शेवटी १८४० मध्ये जोधपूरच्या आश्रयाला वारले. इकडे बालराजा तिसऱ्या रघूजींच्या नावाने १८२६ पर्यंत जेंकिन्सनेच राज्य चालवले. त्या काळात भोसल्यांच्या घराण्याची हकिकत लिहिणाऱ्याला कोणापुढे ती वाचून दाखवायची आहे, हे ठाऊक होते. राजवाडा म्हणावा तर तो १८६४ मध्ये जळाला.

या कागदांचे वजन किती, हे शेवटी कळले १८५३ मध्ये. ११ डिसेंबरला तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. रेसिडेंट मॅन्सेलने कलकत्त्याला कळवले की राजाने दत्तक घेतलेला नाही. अंत्यविधी केला तो अहिरराव घराण्यातल्या यशवंतराव या मुलाने, आणि हाच आमचा दत्तक, असे राण्यांचे म्हणणे होते. मॅन्सेल काही दुष्ट माणूस नव्हता. राजघराण्याला काहीतरी मान राखून द्यावा अशी त्याची सूचना होती. डलहौसीने मॅन्सेलच्या पत्रांतली माहिती घेतली, सूचना बाजूला ठेवली आणि २८ जानेवारी १८५४ च्या टिपणात राज्य खालसा करण्याचा निर्णय लिहून टाकला. बाकाबाई त्या वेळीही हयात होत्या. हत्ती, घोडे, जडजवाहीर लिलावात निघाले. नागपुरात नोकरी केलेला मेजर इव्हान्स बेल हा इंग्रज अधिकारी मात्र दत्तकाच्या बाजूने लिहीत राहिला.

त्याच यशवंतरावांना पुढे इंग्रज सरकारने रघूजींचे दत्तक पुत्र जानोजी भोसले म्हणून मान्यता दिली, आणि सातारा प्रांतातल्या देऊर गावावरून 'राजे बहादूर ऑफ देऊर' हा किताबही दिला. राज्य तेवढे परत मिळाले नाही.