अंधारी, पत्ते आणि ठरलेली वाट

दौलताबादच्या किल्ल्यात खंदकावरचा पूल ओलांडून थोडं वर गेलं की अंधारीचं तोंड लागतं. कातळ पोखरून काढलेला वळणावळणाचा बोगदा, पावलाचा अंदाज चुकवणाऱ्या पायऱ्या आणि नाकात भरणारा वटवाघळांचा दर्प. वाटाड्या पलिता घेऊन पुढे चालतो. मध्येच एका वळणावर तो पलिता आडोशाला धरतो आणि विचारतो, "आता बोला, कुठं जायचं?" बाजूला उजेडाची फट दिसते. पाय आपोआप तिकडे वळतात. शत्रूही असाच उजेडाकडे वळायचा आणि थेट खंदकात जायचा, असं वाटाडे सांगतात. त्यातून वाचून जो वर पोहोचेल त्याच्यासाठी वरच्या तोंडाशी आग पेटवायची आणि बोगद्यात धूर कोंडायचा.

गेल्या दिवाळीत भाचा बरोबर होता. राहायला सिडकोत, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. उजेडात आल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "मामा, हे तर प्रॉपर डन्जन आहे."

त्याच्या पिढीला डन्जन म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, माझ्या पिढीला सांगावं लागतं. मूळ अर्थ किल्ल्याखालची अंधारकोठडी. खेळांच्या जगात मात्र त्याचा अर्थ फार पसरला. मजल्याखाली मजले असलेलं तळघर, प्रत्येक मजल्यावर राक्षस, राक्षसामागे खजिना, आणि आपण एकटे खाली खाली उतरत जाणार. 1974 मध्ये अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला तो कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळायचा. 1980 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा खेळ संगणकावर आणला. त्यात चित्र असं नव्हतंच. नायक म्हणजे ईमेलच्या पत्त्यात येतं ते अ‍ॅटचं चिन्ह आणि राक्षस म्हणजे इंग्रजी कॅपिटल अक्षरं. पण दर वेळी तळघराचा नकाशा नवा बनायचा आणि मेलात की पहिल्यापासून सुरुवात. या दोन गोष्टींनी लोक वेडे झाले.

मग 1996 सरता सरता 'डायब्लो' आला. तो बनवणाऱ्या डेव्हिड ब्रेव्हिक यांनी सांगितलेली एक हकीकत मला फार आवडते. त्यांचा खेळ आधी बुद्धिबळासारखा होता, एक चाल तुमची, एक राक्षसाची. प्रकाशक कंपनी म्हणाली, चाली काढून टाका, सगळं एकाच वेळी घडू द्या. ब्रेव्हिक यांचा विरोध होता. पण सहकाऱ्यांनी मतदान करून त्यांना हरवलं. महिनोन्‌महिने लागतील असं वाटलेला बदल त्यांनी बसून काही तासांत केला, समोरच्या सांगाड्यावर माऊसने क्लिक केलं आणि नायकाने चालत जाऊन त्याचा चुरा केला. त्या एका क्लिकमधून 'अ‍ॅक्शन आरपीजी' म्हणून ओळखला जाणारा आजचा सगळा बाजार उभा राहिला. म्हणजे या खेळप्रकाराचा जन्मच मुळी काहीतरी काढून टाकण्यातून झाला आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं भांडण त्यावरच आहे.

आमच्या शहरात डायब्लोचा दुसरा भाग मी टीव्ही सेंटरजवळच्या एका नेट कॅफेत खेळलो. खुर्चीवर एक जण आणि पाठीमागे सल्ला देणारे चार. "उजवीकडून घे बे, उजवीकडून!" लाईट गेली की पाचही जणांचा एकदम उसासा. पुढे नोकरी लागली, संसार झाला आणि राक्षसांना मारायला वेळ उरला नाही.

म्हणून भाच्याने मला 'बुक ऑफ डिमन्स' सुचवला. "तुम्हाला झेपेल असा आहे," तो म्हणाला. ते कौतुक नव्हतं.

हा खेळ पोलंडमधल्या थिंग ट्रंक या छोट्या चमूचा. 2016 पासून तो अर्धवट स्वरूपात विकला जात होता, पूर्ण झाला डिसेंबर 2018 मध्ये. लहान मुलांच्या उघडलं की चित्रं उभी राहणाऱ्या पुस्तकासारखं त्याचं रूप आहे. राक्षस, नायक, झाडं, सगळं कागदातून कातरलेलं. कथा म्हणाल तर उघडउघड जुन्या डायब्लोची: गाव, प्रार्थनामंदिर, त्याखालचं तळघर आणि तळाशी सैतान. योद्धा, चोर आणि जादूगार असे तीन नायक.

आता त्यांनी काय काय काढून टाकलं ते बघा. पहिली गोष्ट, चालण्याचं स्वातंत्र्य. नायक ठरलेल्या वाटेवरूनच चालतो. पुढे किंवा मागे, आणि फाटा आला तरच वळण. राक्षसांना हे बंधन नाही, ते कुठूनही येतात. दुसरी गोष्ट, सामानाची पोती. डायब्लोत दर पाच मिनिटांनी एक तलवार सापडते आणि ती आधीच्या तलवारीपेक्षा अडीच टक्क्यांनी बरी आहे की नाही याचा हिशेब करत बसावं लागतं. इथे तलवार, औषध, मंत्र सगळ्याचे पत्ते झाले. पत्ते ठेवायला जागा मोजक्या, जास्त हव्या असतील तर सोनं मोजा.

खरी गंमत इथे सुरू होते. पत्ते तीन जातींचे. काही पत्ते वापरले की संपत येतात, उदाहरणार्थ औषधाच्या बाटल्या. काही मंत्रांचे, दर वेळी मॅना म्हणजे जादूची शक्ती खर्च करणारे. आणि काही कायम अंगावर बाळगायचे, ज्यांचा फायदा सतत मिळतो. या तिसऱ्या जातीची मेख अशी की पत्ता अंगावर आहे तोवर तुमचा ठरावीक मॅना अडकून पडतो. बँकेतल्या मुदत ठेवीसारखं. व्याज चालू, पण ऐनवेळी हात घातला तर खिसा रिकामा. किती ठेवीत गुंतवायचं आणि किती हाताशी ठेवायचं, हा मध्यमवर्गीय मराठी माणसाचा जन्माचा प्रश्न पोलंडच्या पोरांनी राक्षसांच्या खेळात आणून ठेवला आहे. पातळी वाढली की आणखी एक पेच: आयुष्य वाढवू की मॅना? जे नाकाराल ते गावातल्या एका कढईत जमा होतं आणि ते पुढे पैसे मोजून मिळवायचं.

लढाईतही हात स्वस्थ बसत नाही. एखाद्या राक्षसापुढे ढाल असते, ती आधी क्लिक करून फोडायची. एखादा मंत्र पुटपुटतो, त्याच्यावर वेळेत क्लिक केलं तर मंत्र तुटतो. विषबाधा झाली तर स्वतःच्या रक्ताच्या गोलावर क्लिक करत राहायचं. पाय बांधले आहेत, म्हणून सगळं काम डोळे आणि बोटांवर येतं: आधी कुणाला मारू, कधी दोन पावलं मागे सरकू.

खेळणाऱ्यांची मतं इथे सरळ दुभंगतात. माझ्या भाच्याचा पक्ष म्हणतो, पायच काढून घेतले तर उरलं काय? डायब्लोसारख्या खेळात निम्मं कौशल्य चकवण्यात असतं. बाजूला झेप घेणं, राक्षसांना एका दारात कोंडणं. "मामा, हा गेम नाही, रूळ आहे रूळ. आपण मालगाडी." त्याच्याच खोलीत राहणारा मित्र उलट्या पक्षाचा. परीक्षेच्या दिवसांतही खेळता येतो, हा त्याचा मुख्य मुद्दा आणि तो मला पटतो. आत शिरण्याआधी खेळ विचारतो, आज किती मोठी फेरी हवी? लहान निवडली तर लहान तळघर बनवून देतो, तुमच्या खेळण्याचा वेग पाहून किती वेळ लागेल याचा अंदाजही सांगतो. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये एक फेरी बसवणाऱ्या माणसाला याची किंमत कळते.

पण या पक्षाचीही कुरकुर आहे, आणि ती रास्त आहे. मधल्या टप्प्यानंतर तेच राक्षस रंग बदलून येत राहतात. मनगट दुखतं. आणि पत्त्यांचा खेळ समजून आलेल्यांचा तर सपशेल भ्रमनिरास होतो. 'स्ले द स्पायर'सारख्या खेळात पत्ते पिसले जातात, हातात काय येईल ते दैव ठरवतं आणि आलेल्या हातातून तुम्ही वाट काढता. इथे पिसणं नाही, वाटणं नाही, डाव नाही. पत्ता आहे तो फक्त रूपाने. आतून ती पूर्वीचीच तलवार आहे, नीट घडी घालून ठेवलेली.

पत्त्याचा खरा जीव वाटण्यात असतो, हे आपल्याला सांगायला पोलंडची गरज नाही. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा घ्या. 120 गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि दहा आकडी पाने. दिवसा खेळलात तर पहिला उतारा रामाचा, रात्री खेळलात तर कृष्णाचा. निम्म्या रंगांत दश्शी भारी, उरलेल्या निम्म्यांत एक्का भारी. हे सोपं करून कुणी विकलं असतं तर पहिल्यांदा हा उलटसुलट नियमच काढला असता आणि त्याबरोबर खेळाची निम्मी चवही गेली असती.

दुसऱ्या टोकाला आपल्याच जिल्ह्याशी नातं सांगणारा मोक्षपट. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते आणि ज्ञानेश्वरांचं आपेगाव पैठण तालुक्यात. सापशिडीचा हा पूर्वज. त्यात खेळणाऱ्याला निवड शून्य. कवड्या पडतील तितकी घरं चालायचं, सद्गुणाने चढायचं, दुर्गुणाने घसरायचं. तरी माणसं खेळली, कारण मोक्षपटाला कौशल्य तपासायचंच नव्हतं, दैवापुढे माणूस कसा बसतो हे दाखवायचं होतं. वेरूळला एकविसाव्या आणि एकोणतिसाव्या लेण्यात शिवपार्वती सारीपाट खेळताना कोरलेत. फासा देवालाही आपल्या मर्जीने पाडता येत नाही, ही कल्पना त्या शिल्पकाराला किती रंगवावीशी वाटली असेल ते तिथे उभं राहून पाहावं.

मला विचाराल तर 'बुक ऑफ डिमन्स'ने वाट ठरवून दिली ते बरोबर केलं आणि पत्ते पिसले नाहीत तिथे कच खाल्ली. अंधारीतही वाट तुम्ही निवडत नाही, कातळ निवडतो. तुमच्या हाती उरतं ते एवढंच, की उजेडाच्या फटीवर विश्वास ठेवायचा की नाही. तेवढ्या एका निर्णयावर तो बोगदा आजही अंगावर काटा आणतो. खेळ बनवणाऱ्यांना हे जमलं, पण फक्त पायांच्या बाबतीत. हातात रोज तेच पत्ते असतील तर तिसाव्या फेरीला काटा येत नाही, जांभई येते.

हे सगळं भाच्याला ऐकवलं तेव्हा त्याने ऐकल्यासारखं केलं. मग माझा लॅपटॉप पुढे ओढला, माझा जादूगार उघडला आणि कपाळाला हात लावला. "मामा, एवढा मॅना अडकवून ठेवतं का कुणी? लढणार कशावर?" त्याने अंगावरचे दोन पत्ते काढून टाकले, एक मंत्राचा लावला, आणि दाखवतो म्हणून एक लहान फेरी सुरू केली. चहा निवून साय धरेपर्यंत तो मालगाडीच चालवत होता.